मूल मदतनिसांचे ऐकते, शिक्षकांचे ऐकत नाही: नव्या शिक्षकांनी काय करावे

वर्गात शिक्षक आणि मदतनीस अशी दोन मोठी माणसे असली की एखादे मूल त्यांतल्या एकाकडे अधिक ओढले जाणे स्वाभाविक आहे. अडचण तेव्हा सुरू होते, जेव्हा शिक्षकांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट ते मूल आधी मदतनिसांच्या चेहऱ्याकडे पाहून तपासते, त्यांनी मान डोलावली तरच वही उघडते आणि शिक्षक जवळ आले की गप्प बसते किंवा उलट उत्तर देते. नव्याने शिकवू लागलेल्या माणसाला हे फार लागते. इतर मुले पाहत असतात, मदतनीसही पाहत असतात आणि आपला वर्ग आपल्या हातात नाही ही भावना दिवसभर पाठ सोडत नाही. त्या भावनेच्या भरात आवाज चढवला जातो, मदतनिसांना त्या मुलापासून लांब बसवले जाते किंवा थेट मुख्याध्यापकांकडे तक्रार नेली जाते. यांतल्या कोणत्याही उपायाने प्रश्न बहुधा सुटत नाही, उलट चिघळतो.

त्या मुलाचा वर्गातल्या एका मोठ्या माणसावर पक्का विश्वास आहे, ही या परिस्थितीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि ती मोडायची नाही, असे माझे ठाम मत आहे. त्या विश्वासाच्या आधारानेच तुमच्याशी दुसरे नाते उभे राहू शकते. ते उभे राहीपर्यंत वर्गातले निर्णय कोणाकडून येतात हे मुलाला रोज, शांतपणे, दिसत राहील अशी व्यवस्था लावावी लागते. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्याव्यात. विशेषतः मदतनिसांशी बोलण्याआधी मुलाशी काही नवे करू नये.

पहिली पायरी: आठवडाभर पाहा आणि लिहून ठेवा

‘तो मला मान देत नाही’ हा निष्कर्ष झाला. त्यावर उपाय शोधता येत नाही. वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात प्रसंगाच्या लगेच आधी काय घडले, दुसऱ्यात मुलाने नेमके काय केले किंवा म्हटले आणि तिसऱ्यात त्यानंतर लगेच काय झाले, एवढेच लिहा. नोंद साधारण अशी असावी: ‘गणिताचा तास. सर्वांना उदाहरणे सोडवायला सांगितली. त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि खिडकीकडे पाहत बसला. मदतनीस जवळ जाऊन बसल्या, पहिले उदाहरण दोघांनी मिळून सोडवले.’ तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण त्या वागण्यातून मुलाला काय मिळते ते तिथे दिसते. वरच्या प्रसंगात त्याला जवळीक मिळाली आणि अर्धे उदाहरणही सुटून मिळाले. यात शिक्षकांचा अवमान कुठेच नाही.

आठवड्याच्या नोंदी एकत्र वाचल्या की बहुतेक वेळा चारांपैकी एक चित्र दिसते. काही मुले शंका आली की फक्त मदतनिसांकडे जातात, पण शिक्षकांनी सांगितलेले मुकाट्याने करतात. काही मुलांना सूचना कळतच नाही आणि मदतनिसांनी ती पुन्हा सांगितल्यावरच ती हालचाल करतात. काही मुले दोन मोठ्यांमधल्या फटीचा उपयोग करतात. शिक्षकांनी ‘नाही’ म्हटले की तीच परवानगी मदतनिसांकडून मिळवतात. आणि थोडी मुले खरोखर शिक्षकांना उघडपणे झिडकारतात. पहिल्या प्रकारात फारसे बिघडलेले नसते. दुसऱ्यात तुमच्या सूचना बदलाव्या लागतात, तिसऱ्यात दोन मोठ्यांनी आपसात ठरवावे लागते आणि चौथ्यात नात्यावर दीर्घकाळ काम करावे लागते. चारही प्रकारांवर एकच औषध दिले तर कोणालाच गुण येत नाही. दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांसमोर ते मूल कसे वागते, हेही याच आठवड्यात विचारून घ्या. सगळीकडे तसेच असेल तर प्रश्न तुमच्याविषयीचा नाही.

दुसरी पायरी: मदतनिसांकडे असे काय आहे ते ओळखा

१९५९ मध्ये जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या समाजमानसशास्त्रज्ञांनी एका माणसाचा दुसऱ्यावर प्रभाव कशाकशामुळे पडतो याची मांडणी केली. पद, बक्षीस देण्याची क्षमता, शिक्षा करण्याची क्षमता, ज्ञान आणि त्या माणसाविषयी वाटणारी ओढ असे पाच आधार त्यांनी सांगितले. शिक्षकांना पहिले तीन आधार नेमणुकीबरोबर मिळतात आणि चौथा मुलांनी गृहीत धरलेला असतो. पाचवा मात्र कोणी देऊ शकत नाही. तो सहवासातून येतो. मदतनिसांकडे बहुधा तोच असतो आणि लहान मुलांवर त्याचा पगडा इतर चारांपेक्षा जास्त असतो. म्हणून ‘इथे शिक्षक मी आहे’ या वाक्याचा उपयोग होत नाही. ते वाक्य पदाची आठवण करून देते आणि मुलाला पद कोणाचे आहे ते आधीच ठाऊक असते.

सहवास म्हणजे काय ते जवळून पाहण्यासारखे आहे. मदतनीस मुलाशेजारी, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसतात. त्या एकाशीच बोलतात आणि त्याची पेन्सिल कधी थांबते ते त्यांना दिसते. शिक्षकांचा आवाज फळ्याजवळून येतो, तो सर्वांसाठी असतो आणि एकट्या मुलाचे नाव त्यात येते ते बहुधा चूक दाखवतानाच. आपण दिवसभरात त्या मुलाचे नाव किती वेळा घेतले आणि त्यांतून किती वेळा ते टोकण्यासाठी घेतले, हे एका दिवसापुरते मोजून पाहावे. अनेकांना त्या एका मोजणीतच उत्तर सापडते.

सूचनांचे बोलणेही तपासा. ‘सगळ्यांनी वह्या काढा, तारीख घाला, पान ४२ वरची पहिली तीन उदाहरणे सोडवा आणि झाल्यावर शेजाऱ्याशी ताडून पाहा’ ही एका दमात दिलेली चार कामे आहेत. मदतनीस तेच असे सांगतात: ‘वही काढ.’ मग त्या थांबतात. वही निघते. ‘आता तारीख.’ पुन्हा थांबतात. ज्या मुलाला ऐकलेले मनात धरून ठेवणे जड जाते, ज्याला कमी ऐकू येते किंवा ज्याची घरची भाषा वेगळी आहे, त्याला पहिली सूचना पेलतच नाही. ते मूल मदतनिसांकडे वळते, तेव्हा ते तुम्हाला नाकारत नसते, समजेल अशा आवाजाकडे वळत असते. तुम्हाला तसा संशय आला तर श्रवण, दृष्टी आणि भाषा यांची तपासणी झाली आहे का, हे पालकांना आणि शाळेच्या समुपदेशकांना विचारून घ्या. वागणुकीचा प्रश्न समजून महिनोन्महिने घालवल्यावर कानाचा दोष निघणे ही मुलावर झालेली फार मोठी अन्यायाची गोष्ट असते.

प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबतो, हेही याच पायरीत येते. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी वर्गातली प्रश्नोत्तरे अभ्यासली, तेव्हा शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादाच सेकंद थांबतात असे त्यांना दिसले. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरे लांबतात आणि गप्प राहण्याचे प्रमाण कमी होते, हे त्यांनी १९७० च्या दशकात दाखवले. मदतनिसांना तीन सेकंद थांबणे सोपे जाते, कारण त्यांच्यासमोर इतर हात वर झालेले नसतात. शिक्षकांना ते मुद्दाम शिकावे लागते.

तिसरी पायरी: मदतनिसांशी बोला, आणि नीट बोला

सगळे काम या पायरीवर उभे राहते, म्हणून तिला घाई करू नका. मुले वर्गात असताना, जाता-येता किंवा एखादा प्रसंग ताजा असताना हे बोलणे काढू नये. शाळा सुटल्यावर किंवा भरण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे ठरवून मागा. मदतनीस अनेकदा वयाने तुमच्यापेक्षा मोठ्या असतात, शाळेत तुमच्या आधीपासून असतात, त्यांचा पगार कमी असतो आणि पाठाचे नियोजन करताना त्यांना कोणी विचारलेले नसते. अशा माणसाला ‘तुमच्यामुळे मूल माझे ऐकत नाही’ असे ऐकवले तर ती मदत त्या दिवसापासून आटते आणि ती का आटली हे तुम्हाला कोणी सांगत नाही.

सुरुवात त्यांच्या माहितीपासून करा. ‘ताई, तो तुमच्याजवळ मोकळा असतो हे मी पाहते. सकाळी आल्यावर तो कसा असतो, कशाने बिथरतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मला सांगाल का?’ असे विचारले की दोन गोष्टी होतात. मुलाविषयी जे तुम्हाला नोंदींतून कळले नसते ते कळते, आणि आपण प्रतिस्पर्धी म्हणून आलेलो नाही हे त्यांना दिसते. त्यानंतर तुमच्या नोंदी समोर ठेवा आणि अडचण मुलाच्या बाजूने मांडा: पुढच्या वर्गात तुम्ही त्याच्यासोबत नसाल, तेव्हा त्याला दुसऱ्या मोठ्या माणसाकडे जाता आले पाहिजे, त्याची सवय आपण दोघींनी मिळून आतापासून लावू या. ही मांडणी वरवरची समजूत नाही, ती खरीच आहे, आणि मुलावर माया असलेली मदतनीस ती लगेच ओळखते.

त्याच बैठकीत काही गोष्टी शब्दांत ठरवून घ्या, कारण ‘आपण एकमेकांना सांभाळून घेऊ’ एवढ्याने दुसऱ्या दिवशी काहीच बदलत नाही. नवे काम सुरू करण्याची पहिली सूचना शिक्षक देतील आणि मदतनीस ती मुलासाठी लगेच पुन्हा उच्चारणार नाहीत. मनात पाचपर्यंत मोजून थांबतील. बाहेर जाणे, जागा बदलणे, काम सोडणे किंवा पुढे ढकलणे या परवानग्या शिक्षकच देतील. मुलाने त्या मदतनिसांकडे मागितल्या तर त्या म्हणतील, ‘हे बाईंना विचार. जा, मी इथेच आहे.’ या वाक्याचा दुसरा भाग गाळू नये. पहिला भाग मुलाला तुमच्याकडे पाठवतो आणि दुसरा त्याला ते अंतर चालण्याचे बळ देतो. फक्त ‘बाईंना विचार’ ऐकलेल्या मुलाला आपल्याला झिडकारले असे वाटते आणि त्याचा राग तुमच्यावर निघतो.

मतभेद कसे मांडायचे तेही ठरवा. मुलांसमोर एकमेकींचा निर्णय फिरवायचा नाही. तुमचा निर्णय मदतनिसांना चुकीचा वाटला तर त्या चिठ्ठीने किंवा ठरलेल्या खुणेने ‘जरा इकडे या’ एवढेच सुचवतील आणि तो बदलायचा असल्यास तुम्हीच बदलाल. हा करार दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो. शिक्षकांनी मुलांसमोर मदतनिसांना खडू आणायला, पसारा आवरायला दटावून सांगायचे आणि मग मुलाने आपला मान ठेवावा अशी अपेक्षा धरायची, हे जमणार नाही. आपल्या आवडत्या माणसाशी कोण कसे बोलतो, हे मुले फार बारकाईने पाहतात.

‘थांब, ताईंना सांगते हं’ हे वाक्यही वर्गातून पूर्ण बंद करा. दमलेल्या दिवशी ते सहज तोंडी येते, पण त्यातून मुलाला एकच अर्थ कळतो: खरा शब्द ताईंचा आहे, हे शिक्षकांनीच मान्य केले. तसेच अवघड मुलाला पूर्णपणे मदतनिसांच्या हवाली करून उरलेला वर्ग शिकवत राहणे हेही अधिकार सोडून देणेच आहे. या वाटणीचा परिणाम अभ्यासावरही होतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ ते २००९ या काळात पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्ग-मदतनिसांच्या कामाचा मोठा अभ्यास केला. ज्या मुलांना मदतनिसांचा आधार सर्वाधिक मिळत होता, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांच्या तुलनेत कमी झाल्याचे त्यात आढळले. मदतनीस कमी पडतात असा याचा अर्थ नव्हता. त्यांना तयारीला वेळ दिला जात नव्हता, शिक्षकांशी बोलायला सवड नव्हती आणि ज्या मुलांना शिक्षकांची गरज सर्वांत जास्त, तीच त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी येत होती.

कधी मदतनीस जाणूनबुजून शिक्षकांना डावलतात. ‘जाऊ दे, बाई नवीन आहेत, त्यांना कळत नाही’ अशी कुजबुज तुमच्या कानावर आली तर ती सोडून देऊ नका, पण आधी एकट्याने, ऐकलेले शब्द नेमके सांगून विचारा. त्यानंतरही तेच घडले तर मुख्याध्यापकांना तिघांची बैठक घ्यायला सांगा आणि आधी ठरलेल्या गोष्टींचा कागद सोबत न्या.

चौथी पायरी: मुलाला तुमचा वेळ द्या, कामाशिवाय

शिक्षकांच्या प्रशिक्षणात रेमंड व्लोडकोव्स्की यांच्या नावाने सांगितली जाणारी एक साधी रीत आहे: सलग दहा शाळेच्या दिवसांत रोज सुमारे दोन मिनिटे त्या मुलाशी अभ्यास आणि वागणूक सोडून बोलायचे. मी नव्या सहकाऱ्यांना सर्वांत आधी हीच सुचवते, कारण तिला साहित्य लागत नाही आणि ती कोणत्याही वयाला चालते. वेळ मात्र ठरवून ठेवा, नाहीतर ती गर्दीत हरवते. मुले वर्गात येत असतानाची किंवा दप्तर भरतानाची दोन मिनिटे सोयीची पडतात.

प्रश्नांची सरबत्ती करू नका. ‘काल काय केलेस? कोण आले होते? आवडले का?’ यातून मुलाला तोंडी परीक्षाच वाटते. त्याच्या दप्तरावरचे चित्र, त्याने काढलेली रेघोट्यांची गाडी, पायातला नवा बूट यांविषयी एक वाक्य तुम्ही बोला आणि थांबा. पहिले काही दिवस उत्तर ‘हं’ किंवा नुसती मान हलवणे एवढेच येईल. एखादे मूल तोंड फिरवून मदतनिसांकडे जाईल. त्याला जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा या. येथे चिकाटी हाच सगळा उपाय आहे. रोज न चुकता, काही न मागता कोणी येते आहे हे मुलाला दिसले पाहिजे. तो ज्या दिवशी वाईट वागला त्या दिवशीही ही दोन मिनिटे द्यायची. ती बक्षीस म्हणून दिली आणि शिक्षा म्हणून काढून घेतली तर तिचा अर्थच उरत नाही.

याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन वेळा भूमिका बदला. लेखनाचा किंवा सरावाचा वेळ असेल तेव्हा मदतनिसांनी उरलेल्या वर्गात फिरावे आणि तुम्ही त्या मुलाशेजारी, त्याच्या उंचीवर बसावे. पहिल्या वेळी त्याला जमणारे काम निवडा, म्हणजे तुमची आठवण यशाशी जोडली जाईल. त्याने मदतनिसांना हाक मारली तर त्यांनी दुरून हसून मान डोलवावी आणि आपल्या कामात राहावे.

पाचवी पायरी: सूचना द्यायची रीत बदला

मुलाजवळ जा, नाव घ्या, एकच काम सांगा आणि थांबा. पाच सेकंद तसेच उभे राहा, मग सहज दुसरीकडे वळा. त्याच्यावर नजर रोखून उभे राहिले की ते काम करणे म्हणजे हार मानणे ठरते. वळून गेलात की त्याला इभ्रत राखून सुरुवात करता येते. शक्य तिथे दोन पर्याय द्या, पण दोन्ही तुम्हाला चालणारे हवेत: ‘आधी चित्र काढतोस की आधी नावे लिहितोस?’ जे पार पाडायला तुम्हाला सवड नाही ते सांगूच नका. दिवसाला तीन सूचना दिल्या आणि तिन्ही शेवटपर्यंत नेल्या, तर तीस सूचनांपेक्षा त्यांचे वजन अधिक होते.

जेकब कूनिन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की चांगले चालणारे आणि विस्कटलेले वर्ग यांतला फरक मुलांना दटावण्याच्या पद्धतीत नव्हता. वर्गात चाललेले सगळे शिक्षकांना दिसते आहे, हे मुलांना जाणवत असेल तर वर्ग चांगला चालत होता. ज्या वर्गात मदतनीस असतात तिथे एका कोपऱ्यातले लक्ष आपोआप कमी होते, कारण तिकडे कोणीतरी आहे असे आपण धरून चालतो. त्या कोपऱ्याकडे मुद्दाम पाहा आणि जे चांगले दिसेल ते नेमके बोलून दाखवा. ‘शाब्बास’ पेक्षा ‘तू तिसरी ओळ खोडून पुन्हा लिहिलीस, आता वाचता येते’ हे मुलाला अधिक पोचते, कारण त्यावरून तुम्ही खरोखर पाहिले हे सिद्ध होते.

सहावी पायरी: उघड नकाराच्या क्षणी

‘मी तुमचं ऐकणार नाही, मी फक्त ताईंचं ऐकतो’ हे वाक्य वर्गासमोर ऐकावे लागले तर उत्तर आधीच ठरलेले असावे. आवाज नेहमीचाच ठेवा आणि म्हणा, ‘ताईंचं ऐकतोस ते चांगलंच आहे. हे काम मी दिलं आहे. पहिली ओळ इथून सुरू होते.’ बोट ठेवून दाखवा आणि पुढच्या बाकाकडे जा. वाद, तुलना आणि प्रवचन तिन्ही टाळा. त्या वेळी मदतनिसांनी मुलाला समजावायला पुढे येऊ नये. त्यांनी दुसऱ्या मुलाची वही पाहत राहावे. त्या मध्ये पडल्या तर काम होईल, पण नकार दिला की ताई येतात हा धडा पक्का होईल.

काम झालेच नाही तर त्याचा परिणाम छोटा, आधी सांगितलेला आणि त्याच दिवशी संपणारा असावा. उदाहरणार्थ, राहिलेले उदाहरण मधल्या सुट्टीच्या सुरुवातीला तुमच्यासोबत बसून पूर्ण करणे. तो परिणाम तुम्हीच घडवा. शिक्षा मदतनिसांकडून देववणे जितके चूक, तितकेच त्यांच्याकडून माफ करवून घेणे चूक.

नवी घडी बसवल्यावर पहिले काही दिवस वागणे आधीपेक्षा बिघडते, याची तयारी ठेवा. ज्या वागण्याला आजवर फळ मिळत होते त्याला ते मिळेनासे झाले की मूल आधी तेच अधिक जोराने करून पाहते, हे वर्तनशास्त्रात वारंवार दिसून आले आहे. नेमके याच वेळी दोघींपैकी एक जण कंटाळून पाचव्या मागणीला ‘बरं, जा’ म्हणते आणि मूल शिकते की पाच वेळा मागायचे असते. कधी मिळणारे आणि कधी न मिळणारे फळ सवय सर्वांत चिवट करते. म्हणून ज्या आठवड्यात तपासणी, स्नेहसंमेलन किंवा परीक्षा आहे त्या आठवड्यात हे काम सुरू करू नका. आणि मूल खरोखर घाबरले असेल, रडत थरथरत असेल किंवा स्वतःला इजा करून घेत असेल, तर ठरलेले सगळे बाजूला ठेवून त्याला ज्यांच्याजवळ शांत वाटते त्यांना जवळ जाऊ द्या. शांत झालेले मूलच शिकू शकते.

सातवी पायरी: अंतर हळूहळू वाढवा

नाते थोडे रुळले की मदतनिसांची खुर्ची हलवायला सुरुवात करा. मुलाशेजारून बाकाच्या टोकाला, तिथून मागच्या रांगेत आणि तिथून वर्गाच्या दुसऱ्या बाजूला. प्रत्येक टप्प्यावर मूल स्थिरावेपर्यंत थांबा. हे शिक्षा वाटेल अशा दिवशी करू नये. मायकेल जियानग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा मदतनीस सतत चिकटून राहिल्याने मूल मोठ्यांवर अवलंबून राहते, वर्गमित्रांपासून तुटते आणि शिक्षकांनाही ते मूल आपली जबाबदारी वाटेनासे होते, असे त्यांना आढळले. शेवटचा मुद्दा आपण प्रामाणिकपणे स्वतःला विचारावा असा आहे. मोकळ्या झालेल्या जागी एखादा वर्गमित्र बसवला तर मुलाला दोन मोठ्यांतल्या निवडीपलीकडचा तिसरा आधारही मिळतो.

मूल दिव्यांग असेल आणि त्याच्यासाठी लेखी आधार-योजना ठरलेली असेल, तर अंतराचा निर्णय एकट्याने घेऊ नका. विशेष शिक्षक, पालक आणि मदतनीस यांच्यासह योजनेतच बदल करून घ्या. औषधे, फिट्स, स्वच्छतागृहातली मदत अशा बाबतींत मदतनिसांची जवळीक ही गरज असते आणि तिला हात लावायचा नसतो.

पालकांना काय सांगावे

‘तुमचा मुलगा मला मान देत नाही’ असे सांगितले तर घरी त्याला ओरडा बसतो आणि तो ओरडा तुमच्या नावाने बसतो. त्याऐवजी तो कोणाजवळ मोकळा होतो, कोणत्या कामात अडतो आणि आम्ही दोघी काय बदलतो आहोत, हे सांगा. घरात एकाचे ऐकायचे आणि दुसऱ्याचे नाही अशी घडी आहे का, हे थेट विचारू नये. ‘घरी अभ्यासाला कोणाजवळ बसायला त्याला आवडते?’ या साध्या प्रश्नातून बरेच कळते.

हे मात्र वेगळे समजावे

मूल अचानक बदलले असेल, तुम्हाला किंवा दुसऱ्या कोणाला पाहून त्याला भीती वाटत असेल, तर तो या लेखाचा विषय राहत नाही. शाळेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे त्याच दिवशी जा. मदतनीस आणि मूल यांच्यात गुपिते, शाळेबाहेरचे निरोप, इतरांपासून लपवलेल्या भेटवस्तू किंवा बंद दाराआड एकांत दिसला तरीही तेच करा. स्वतः चौकशी करत बसू नका. मुलाने मदतनिसांना घरातले काही गंभीर सांगितले, तर विश्वास जपण्यासाठी म्हणून ते गुप्त ठेवायचे नसते, हेही तुमच्या पहिल्याच बैठकीत ठरलेले असावे.

सुधारणा कशावरून ओळखावी

आज्ञापालन मोजू नका. तुम्ही न बोलावता मूल शंका घेऊन तुमच्या टेबलाशी आले का, चूक झालेली वही लपवण्याऐवजी तुम्हाला दाखवली का आणि मदतनीस सुट्टीवर असलेला दिवस कसा गेला, या तीन खुणा पुरेशा आहेत. त्यांची नोंद पहिल्या आठवड्याच्या त्याच वहीत, त्याच रकान्यांत ठेवा, म्हणजे तुलना करता येईल. बदल आठवड्यांत दिसू लागतो, पक्का व्हायला सत्र लागते. एखादे मूल वर्षाअखेरीसही मदतनिसांवर अधिक माया करील. ते तुमचे काम तुमच्याकडून घेत असेल आणि अडल्यावर तुमच्याकडे येऊ शकत असेल, तर तेवढे पुरे आहे. त्यापुढे ओढाताण करू नका.

वर्ष संपण्यापूर्वी मदतनिसांसोबत बसून पुढच्या शिक्षकांसाठी एक पानभर टिपण करा. कोणते शब्द चालतात, कोणत्या वेळा कठीण जातात, खुर्ची आता कुठवर मागे गेली आहे आणि ‘मी इथेच आहे’ हे वाक्य अजून लागते की नाही, एवढे त्यात असावे. टिपणावर दोघींचीही नावे घाला आणि जमल्यास मुलाची नव्या शिक्षकांशी पहिली भेट सुट्टी लागण्यापूर्वीच, दोघींनी सोबत राहून घडवून आणा.